पुण्यात बसून अल्हाम्ब्रा: जुन्या प्रवासी चित्रकारांच्या प्लेट्स कशा वाचायच्या

दक्षिण स्पेनमधल्या मूरिश, म्हणजे तिथल्या मध्ययुगीन मुस्लिम राजवटींच्या इमारती, ग्रानाडाचा किल्ला-राजवाडा अल्हाम्ब्रा, कॉर्डोबाची मोठी मशीद, सेव्हिलचा हिराल्दा मनोरा, यांची सगळ्यात देखणी कागदी नोंद कॅमेरा यायच्या आधी किंवा यायच्या सुमारास झाली. साधारण 1775 ते 1845 या काळात एकामागून एक चित्रकार, आर्किटेक्ट, हौशी प्रवासी तिकडे गेले, काही जण महिनोन्‌महिने राहिले, आणि परत येऊन लंडन-पॅरिसमध्ये त्यांनी भली मोठी पुस्तकं छापली. तेव्हा ती फक्त पैसेवाल्यांना परवडायची, आज त्यातली बरीचशी स्कॅन होऊन फुकट मिळतात, कोथरूडच्या वन बीएचकेत रात्री अकरा वाजता बसून ओवेन जोन्स या ब्रिटिश आर्किटेक्टची प्लेट, म्हणजे पुस्तकात छापलेलं पानभर चित्र, पूर्ण झूम करून बघता येते, मला ही गोष्ट अजूनही फार भारी वाटते.

पण बहुतेक लोक ती बघतात, सुंदर आहे म्हणतात, वॉलपेपर म्हणून सेव्ह करतात आणि पुढे जातात. आर्किटेक्चरची पोरंसुद्धा असंच करतात आणि प्रेझेंटेशनमध्ये चिकटवून टाकतात. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक प्लेट ही साक्ष आहे, आणि ती एकट्या माणसाची साक्ष नसते, जागेवर बसून काढणारा एक, ते तांब्यावर नाहीतर दगडावर उतरवणारा दुसरा, आणि काय खपेल ते बघणारा प्रकाशक तिसरा. तिघांनी मिळून जे सांगितलंय त्यातलं कुठलं कोणाचं, हे ओळखायला शिकलात की चित्र दुप्पट आवडायला लागतं. ते कसं करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, सगळं एकदम बघायला जाऊ नका. एकच जागा निवडा. अल्हाम्ब्रातला सिंहांचा चौक घ्या, कारण तो जवळजवळ प्रत्येकाने काढलाय. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुलतान पाचव्या मुहम्मदाने बांधलेला, साधारण 28 बाय 16 मीटरचा लांबट चौक, भोवती 124 बारीक संगमरवरी खांब, मध्ये 12 सिंहांच्या पाठीवर पेललेलं कारंजं. पूर्वेला आणि पश्चिमेला, म्हणजे आखूड बाजूंना, पुढे आलेले दोन मंडप आहेत. उत्तरेला दोन बहिणींचं दालन म्हणतात ते, दक्षिणेला अबेन्सेराखेसचं दालन, पूर्वेला राजांचं दालन. आत्ताचे चार-पाच फोटो आणि एक नकाशा समोर ठेवून हा चौक स्वतःच्या वहीत काढा, हाताने, पट्टी नको. कच्चा चालेल. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका असं मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर प्रत्येक प्लेट बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचाय की चित्रकार नक्की कुठे उभा होता, आणि तो प्रश्न डोक्यात नकाशा असल्याशिवाय सुटत नाही.

आता प्लेट्स गोळा करा. इंटरनेट आर्काइव्हवर पूर्ण पुस्तकं मिळतात, विकिमीडिया कॉमन्सवर सुट्या प्लेट्स, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं डिजिटल कलेक्शन चांगलं आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या साइटवर जोन्सच्या मूळ ड्रॉइंग्ज सापडतात आणि स्वतः अल्हाम्ब्राच्या संस्थेचं ऑनलाइन भांडार आहे, ते स्पॅनिशमध्ये आहे पण ब्राउझरमधलं ट्रान्सलेट वापरून काम भागतं. डाउनलोड करताना सगळ्यात मोठी फाइल घ्या आणि लगेच तिचं नाव बदला: वर्ष, चित्रकार, जागा, कुठल्या दिशेला बघतोय. उदाहरणार्थ 1835-लुईस-सिंहचौक-पूर्वेकडे. हे काम कंटाळवाणं वाटेल पण महिन्याभरात फोल्डरमध्ये दोनेकशे चित्रं होतात आणि मग नावाशिवाय काही सापडत नाही.

कोणापासून सुरुवात करायची? यादी मोठी आहे. हेन्री स्विनबर्न 1775-76 मध्ये स्पेन फिरला आणि त्याचं पुस्तक 1779 ला आलं, इंग्लिश वाचकांना अल्हाम्ब्राची ओळख करून देणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीने त्याच्याही आधी, 1766 मध्ये, होसे दे एर्मोसिया नावाच्या आर्किटेक्टला दोन तरुण आर्किटेक्ट बरोबर देऊन मोजमाप करायला पाठवलं होतं, म्हणजे स्पॅनिश लोकांना स्वतःच्या वारशाचं काही पडलं नव्हतं आणि इंग्रजांनी तो शोधून काढला ही जी गोष्ट सांगितली जाते ती खरी नाही. फ्रेंच लाबोर्द आहे, त्याचं काम 1806 पासून पुढे येत राहिलं. हे सगळे नंतर बघा. सुरुवातीला फक्त चौघे: मर्फी, रॉबर्ट्स, लुईस आणि जोन्स. चौघांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की एकाच चौकाची चार चित्रं शेजारी ठेवली की निम्मं शिक्षण तिथेच होतं.

जेम्स कॅव्हना मर्फी हा आयरिश आर्किटेक्ट. 1802 पासून काही वर्षं स्पेनमध्ये होता, 1814 ला वारला आणि त्याचं मोठं पुस्तक, सुमारे शंभर प्लेट्सचं, त्याच्या मृत्यूच्या सुमारास पूर्ण होऊन बाहेर आलं. त्याच्या प्लेट्स ताम्रपटावर कोरलेल्या आहेत, रेघा इतक्या स्वच्छ की डोळे निवतात, आणि तिथेच सावध व्हायचं. सगळं सरळ, सगळं सारखं, सगळं नवंकोरं. मर्फी तिथे होता तेव्हा अल्हाम्ब्रा पडझडीला लागलेला होता, आत सैनिक आणि गरीब कुटुंबं राहत होती, आणि याच्या प्लेट्समध्ये एक पोपडा दिसत नाही. नंतर तिथे राहून आलेल्या रिचर्ड फोर्ड या इंग्लिश लेखकाने त्याच्या अचूकतेवर चांगलीच टीका केलीय. तरी मर्फी टाकून देऊ नका. नक्षीची भौमितिक मांडणी समजून घ्यायला तो उत्तम आहे, फक्त इमारतीची अवस्था कशी होती हे त्याला विचारू नका.

डेव्हिड रॉबर्ट्स 1832-33 मध्ये स्पेनला गेला. हा मूळचा नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस, लंडनच्या ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन थिएटरांत काम केलेला, आणि एवढं एक लक्षात ठेवलं की त्याची चित्रं उलगडतात. खोली कशी दाखवायची, प्रेक्षकाला मान वर करायला कशी लावायची, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं. म्हणून त्याच्याकडे उंची वाढते. हे पकडायची सोपी युक्ती आहे: चित्रातला खांबाजवळ उभा असलेला एक माणूस घ्या, तो साडेपाच फूट धरा, स्क्रीनवर पट्टी लावून तो किती मिलिमीटर आहे ते मोजा, मग शेजारचा खांब मोजा आणि गुणोत्तर काढा. आता आजच्या एखाद्या टूरिस्ट फोटोत त्याच खांबाजवळचा माणूस घेऊन तेच करा. माणूस आणि खांब दोन्ही कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असलेला फोटो निवडा, नाहीतर गणित फसतं. दोन आकडे शेजारी लिहिले की कोणी किती ताणलंय ते कळतं, आणि ही ट्रिक सगळ्या चित्रकारांना लावता येते, वेरूळ-अजिंठ्याच्या जुन्या चित्रांनासुद्धा.

जॉन फ्रेडरिक लुईसही त्याच सुमारास तिथे होता आणि त्याचा अल्हाम्ब्राचा लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रांचा, संच 1835 चा. मला चौघांत हा सगळ्यात जवळचा वाटतो. याच्याकडे माणसं फक्त मोजपट्टी म्हणून उभी केलेली नाहीत, ती तिथे बसलीत, गप्पा मारतायत, आणि भिंतीचा गिलावा कुठे गेलाय, कुठे टेकू लावलाय, लाकूड कुठे उघडं पडलंय हे दिसतं. 1830 च्या दशकातला अल्हाम्ब्रा माणसांच्या वापरातला, झिजलेला कसा होता हे बघायचं असेल तर लुईस आणि त्याच्या जोडीला रिचर्ड फोर्डची पेन्सिल ड्रॉइंग्ज. फोर्ड धंदेवाईक चित्रकार नव्हता, 1831 मध्ये बायको हॅरिएटबरोबर अल्हाम्ब्रातच मुक्कामाला होता, दोघंही काढायचे, आणि विकायचं नसल्यामुळे त्याने बुरूज, दरवाजे, आडबाजूच्या भिंती असं कितीतरी काढून ठेवलं जे चकचकीत पुस्तकांत कधी आलंच नसतं. नंतर त्याने 1845 ला स्पेनच्या प्रवाशांसाठी हँडबुक लिहिलं.

आता ओवेन जोन्स. इथे जरा थांबू, कारण या माणसाने जे केलं ते वेगळ्याच पातळीचं आहे.

जोन्स 1834 मध्ये ग्रानाडाला पोचला, बरोबर जूल गूरी नावाचा फ्रेंच आर्किटेक्ट मित्र. दोघांनी ठरवलं की देखावे काढायचे नाहीत, मोजायचं. प्लॅन (वरून नकाशा), एलेव्हेशन (समोरची बाजू), सेक्शन (उभा छेद), डिटेल. नक्षीवर मऊ कागद दाबून, प्लास्टर ओतून ठसे घेतले. काम चालू असतानाच ऑगस्ट 1834 मध्ये गूरी कॉलऱ्याने गेला, वय जेमतेम 31. जोन्स परत गेला, 1837 मध्ये पुन्हा ग्रानाडाला येऊन उरलेलं पूर्ण केलं. पण पहिल्या फेरीनंतरच लंडनमध्ये त्याला कळलं होतं की त्याला हवे तसे रंग कोणी छापूनच देत नाही. रंगीत लिथोग्राफी तेव्हा बाल्यावस्थेत होती, जितके रंग तितके दगड, आणि प्रत्येक दगडाचा ठसा कागदावर अचूक त्याच जागी बसला पाहिजे. मग याने स्वतःच छपाई उभी केली, त्यासाठी वडिलांकडून आलेली जमीन विकली, आणि 1836 ते 1845 या काळात हप्त्याहप्त्याने पुस्तक काढलं, दोन खंड, मुखपृष्ठावर मेलेल्या मित्राचं नाव बरोबरीने. अरबी शिलालेखांचे अर्थ पास्कुआल दे गायांगोस या स्पॅनिश विद्वानाकडून घेतले. तांत्रिक पुस्तकावर इतका जीव लावलेला क्वचित दिसतो.

जोन्स वाचताना दोन वेगळ्या वह्या केल्यासारखं करा, एकीत मापं आणि आकार, दुसरीत रंग. मापं आणि आकार यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवायचा. रंगाच्या बाबतीत तो मत मांडतोय हे धरून चालायचं. त्याचं ठाम म्हणणं होतं की मूरिश कारागीर गिलाव्याच्या नक्षीवर लाल, निळा आणि सोनेरी एवढेच मूळ रंग वापरायचे, बाकीचे मिश्र रंग खाली टाइल्सच्या पट्ट्यात. मग भिंतीवर जिथे हिरवा दिसला तिथे त्याने सांगितलं की हा मुळात निळाच, धातूचा रंग असल्यामुळे काळाने हिरवा पडला. काही ठिकाणी ते बरोबर असेलही, पण बघा काय होतंय, डोळ्यांना हिरवं दिसतंय आणि कागदावर निळं छापलं जातंय, कारण सिद्धांत तसं सांगतो. त्याच्या रंगीत प्लेट्स या 1834 मध्ये काय दिसत होतं याची नोंद नाहीत, चौदाव्या शतकात काय असावं याचा त्याने केलेला अंदाज आहेत. हा फरक कळला नाही तर माणूस आयुष्यभर अल्हाम्ब्रा म्हणजे लाल-निळं-सोनेरी असं धरून चालतो.

सोपी सुरुवात हवी असेल तर त्याचं 1856 चं ग्रामर ऑफ ऑर्नामेंट उघडा, 100 प्लेट्स आणि सुरुवातीला 37 तत्त्वं, मूरिश नक्षीच्या प्लेट्स 39 ते 43. एक सूचना, स्कॅनमध्ये सोनेरी रंग मोहरीसारखा किंवा मळका तपकिरी दिसू शकतो, त्यामुळे रंग कॉपी करताना तिथे वहीत फक्त सोनेरी असं लिहून ठेवा.

जिरो द प्रांजे या फ्रेंच माणसाचं नाव पण लिहून ठेवा. त्याचं कॉर्डोबा, सेव्हिल, ग्रानाडावरचं काम 1836 ते 39 चं, आणि पुढे 1842 ते 45 मध्ये तो भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या देशांत डागेरोटाइप, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पद्धतीचा कॅमेरा घेऊन फिरला. ग्रानाडाच्या बाहेर पडायचं झालं की याच्यापासून सुरू करा.

चित्र हातात आलं की सगळ्यात आधी खालचा मार्जिन बघा. डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक नाव आणि पुढे डेल. असं लिहिलेलं असतं, तो काढणारा. उजवीकडे नाव आणि स्कल्प. असेल तर तो कोरणारा, लिथ. असेल तर दगडावर उतरवणारा. दोन नावं वेगळी असली तर समजायचं की मधल्या माणसाने स्पेन बघितलेला असेलच असं नाही. क्रॉप केलेल्या फाइलमध्ये नेमका हाच भाग उडालेला असतो म्हणून पूर्ण पानाचं स्कॅन शोधा. मग झूम करा. समांतर, धारदार रेघा आणि आकाश पट्टीने ओढल्यासारखं असेल तर धातूवरचं एनग्रेव्हिंग, खडूसारखा दाणेदार पोत असेल तर लिथोग्राफ, सपाट रंगाचे भाग आणि त्यांच्या कडांना कुठे बारीक पांढरी फट किंवा रंगावर रंग चढलेला दिसला तर रंगीत लिथो, तिथे दगड केसभर सरकलाय.

पुढची तपासणी मला सर्वात आवडते. अल्हाम्ब्राच्या भिंतींवर ग्रानाडाच्या नसरी घराण्यातल्या सुलतानांचं एक ब्रीदवाक्य हजारो ठिकाणी आहे, व ला गालिब इल्लल्लाह, अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही. त्याचा आकार डोळ्यात बसवून घ्या. अरबी येत नसेल तरी चालतं, कॅम्पात, मोमिनपुऱ्यात, कोंढव्यात उर्दू-अरबी वाचणारं कोणी ओळखीचं असेलच, त्यांच्याबरोबर अर्धा तास बसा, एकदा फोटोवर बोट ठेवून अक्षरं दाखवली की मग पट्ट्या आपोआप ओळखू यायला लागतात. आता हेच वाक्य प्लेटमध्ये शोधा. नीट वाचता येत असेल तर चित्रकाराने ठसा घेतलाय किंवा जाणकार बरोबर होता. अक्षरांचा नुसता भास असेल, उंच दांडे आणि खाली वेलांट्या, तर त्याने लिखाणाला नक्षी समजून काढलंय, आणि मग त्याच्या बाकीच्या डिटेलवरही तेवढाच विश्वास ठेवायचा. आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतील तर पूर्ण प्लेटच उलटी छापली गेलीय, कारण तांब्यावर किंवा दगडावर जसंच्या तसं काढलं तर कागदावर डावं-उजवं बदलतं. तुम्ही सुरुवातीला काढलेला नकाशा इथे कामाला येतो. पूर्वेकडे बघणाऱ्या चित्रात दोन बहिणींचं दालन डाव्या हाताला आलं पाहिजे.

काळ ओळखायच्या खुणा पण आहेत. सिंहांच्या कारंज्यावर जुन्या चित्रांत मुख्य पात्राच्या वर अजून एक लहान पात्र दिसतं. ते चित्रकाराच्या मनातलं नाही, ते खरंच तिथे होतं, नंतरच्या काळात बसवलेलं, विसाव्या शतकात काढून टाकलं. पूर्वेकडच्या मंडपावर रंगीत टाइल्सचा छोटा घुमट दिसला तर ते चित्र किंवा फोटो 1859 ते 1934 यांच्या मधला, कारण राफाएल काँत्रेरासच्या दुरुस्तीत तो घुमट चढवला गेला आणि 1934 मध्ये आर्किटेक्ट तोरेस बालबासने उतरवून तिथे पुन्हा उतरतं छप्पर घातलं. म्हणजे रॉबर्ट्स, लुईस, जोन्स यांच्याकडे तो घुमट नसणार आणि जुन्या पोस्टकार्डांवर असणार. चौकातली आत्ताची पांढरी संगमरवरी फरशी तर 2012 ची आहे, त्यामुळे जुन्या चित्रात जमीन वेगळी दिसली म्हणून चित्रकाराला दोष देऊ नका.

कॉर्डोबाच्या मशिदीतही असंच होतं. 785 च्या सुमारास सुरू झालेली ती मशीद, एकावर एक दोन कमानी, वीट आणि दगड आलटून पालटून म्हणून लाल-पांढरे पट्टे. 1830 च्या दशकातल्या प्लेट्समध्ये कमानींच्या वर गिलाव्याचे व्हॉल्ट, म्हणजे कमानीसारखी बाकदार छतं, दिसतात आणि आजच्या फोटोत मात्र सपाट लाकडी छत. चित्रकाराने मनाचं घातलं असं वाटतं. पण अठराव्या शतकात तिथे खरंच तसे व्हॉल्ट बांधलेले होते, जुनं लाकडी छत पुढे दुरुस्तीत परत आणलं. म्हणजे इथे चित्रकार खरा आणि आजचा फोटो बघून निष्कर्ष काढणारे आपण चुकीचे. म्हणून कोणतीही गोष्ट चूक ठरवायच्या आधी त्याच दशकातलं दुसऱ्या माणसाचं चित्र शोधायचं, दोघांनी स्वतंत्रपणे तेच काढलं असेल तर ते होतं.

एवढं स्क्रीनवर झालं की हात चालवायला लागा, कारण मोजून काढणं म्हणजे काय हे स्वतः केल्याशिवाय या लोकांची मेहनत कळत नाही. अप्पा बळवंत चौकातून ग्राफ पेपर, ट्रेसिंग पेपर, बरा कंपास आणि एचबी-टूबी पेन्सिली घ्या. पहिला पॅटर्न अल्हाम्ब्राच्या टाइल्समधला हाडाच्या आकाराचा, तो शाळेतल्या पोरांनासुद्धा जमतो. 4 सेंटिमीटरचा चौरस काढा. डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कोपऱ्यातून आत 45 अंशात रेघ काढा, 1 सेंटिमीटर आत पोचेपर्यंत, म्हणजे ग्राफच्या चौकटीच्या कर्णाने, आणि ती दोन टोकं उभ्या 2 सेंटिमीटरच्या रेघेने जोडा. हा तुकडा चौरसातून कापला. उजवीकडे तेच. आता तेवढेच दोन तुकडे वर आणि खाली बाहेरच्या बाजूला चिकटवा, कोपऱ्यातून बाहेर 45 अंशात, मग आडवी 2 सेंटिमीटर. झालं हाड. क्षेत्रफळ तेच राहिलं, 16 चौरस सेंटिमीटर. शेजारच्या चौरसात हेच हाड 90 अंशात फिरवून काढा, त्याचा बाहेर आलेला भाग पहिल्याच्या खाचेत बरोब्बर बसतो. बुद्धिबळाच्या पटासारखं एक उभं एक आडवं करत गेलात की सगळी पाटी एकही फट न राहता भरते. डच चित्रकार एशर 1922 आणि 1936 ला अल्हाम्ब्रात आला होता, दुसऱ्या वेळी त्याने या टाइल्स बसून कॉपी केल्या, आणि त्याच्या एकमेकांत अडकलेल्या पक्षी-माशांचं मूळ इथे आहे.

त्यानंतर आठ टोकांचा तारा. वर्तुळ काढा, आत चौरस बसवा, तसाच दुसरा चौरस 45 अंशात फिरवून. आठ टोकं मिळाली. आता प्रत्येक बाजू दोन्हीकडे पुढे वाढवा आणि शेजारी तसंच दुसरं वर्तुळ घ्या, वाढवलेल्या रेघा एकमेकींना कुठे भेटतात ते बघत बसा, त्यातूनच मधले आकार निघतात. मग मर्फीची नाहीतर जोन्सची एखादी नक्षीची प्लेट घेऊन तिच्याखाली हीच जाळी शोधा. ट्रेसिंग पेपर स्क्रीनवर लावू नका, ए-थ्री प्रिंट काढून घ्या, चाळीस-पन्नास रुपयांचं काम आहे.

आणि मग बाहेर पडा. अल्हाम्ब्रा लांब आहे पण महिरपी आपल्याकडे कमी नाहीत. विश्रामबाग वाड्यात जा, सुरूचे खांब, वर महिरप, कोपऱ्यात केळफूल. एकच खण निवडा आणि त्याची दोन चित्रं काढा. पहिलं रॉबर्ट्सच्या पद्धतीने, एका जागी बसून, जसं दिसतं तसं, सावलीसकट, बसलेल्या माणसांसकट. दुसरं जोन्सच्या पद्धतीने, समोरून, सरळ, पर्स्पेक्टिव्ह नाही, टेप लावून मोजलेलं, महिरपीला पाकळ्या किती, मधली पाकळी बाजूच्यांपेक्षा केवढी, खांबाचा जाड भाग कुठे सुरू होतो. दुसऱ्या चित्राला पहिल्यापेक्षा तिप्पट वेळ लागतो आणि कंटाळा येतो, तरी करा. घरी आल्यावर दोन्ही शेजारी ठेवा, पहिल्यात नकळत काय वाढवलं काय गाळलं ते लगेच दिसतं. टेप लावायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत. ओला कागद, माती, प्लास्टर असलं काही जुन्या लाकडावर किंवा दगडावर चुकूनही लावायचं नाही, 1834 मध्ये ती एकमेव पद्धत होती, आज फोटो आहे. पुरातत्त्व खात्याच्या जागी वही-पेन्सिलला अडचण येत नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते.

या सगळ्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. लंडनजवळच्या सिडनममध्ये क्रिस्टल पॅलेस नावाची काचेची मोठी प्रदर्शन-इमारत होती, तिथे 1854 ला ओवेन जोन्सने अल्हाम्ब्राचा एक भाग उभा केला, लोक तिकीट काढून बघायचे. त्याच इमारतीत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिलने केलेल्या मोठ्या प्रतिकृती लावल्या होत्या, ज्या कामाला त्याला 1844 पासून लावलं होतं. 1866 च्या आगीत त्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. प्रतिकृती मूळ चित्राच्या आधी नष्ट होऊ शकते, म्हणून जे मिळेल ते डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवा.

आणि पुण्याचा स्वतःचा असा चित्रकार आहे, गंगाराम चिंतामण तांबट. सवाई माधवरावांच्या काळात इथला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि त्याच्याबरोबर असलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्यासाठी गंगारामने वेरूळची, कार्ल्याची लेणी काढली. ती चित्रं आता अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत आणि त्यांच्या साइटवर बघता येतात. वेल्स 1795 मध्ये वारला, त्याची वेरूळची ड्रॉइंग्ज पुढे थॉमस डॅनियलने 1803 मध्ये लंडनला छापली, म्हणजे इथेही काढणारा एक आणि कागदावर आणणारा दुसरा, मर्फीसारखंच. वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या यांना लावा: मार्जिनमधली नावं, माणूस आणि खांबाचं गुणोत्तर, डावं-उजवं, डागडुजीच्या आधीचं काय आणि नंतरचं काय. स्पेनच्या बाबतीत आपण फोटोवर अवलंबून असतो, इथे प्रत्यक्ष जाता येतं. कार्ल्याला जाताना प्रिंट बरोबर न्या, चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे त्यामुळे दुपारनंतर पोचा म्हणजे आत उजेड असतो, पहिल्या खांबांच्या ओळीपाशी उभे राहा आणि प्रिंट डोळ्यांसमोर धरून दोन पावलं मागे-पुढे करत चित्रकाराची जागा शोधा, ती सापडली की तिथून फोटो काढा आणि फाइलला नाव द्या.